तू व्हय म्हणणार होतास

हारून, तू गेलास तेव्हा मी तुझ्यावर चिडलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही बरं बोलेन ते गेलेल्या माणसाची भीड धरून बोललो असं तुला वाटायला नको. आपलं भांडण मिरजोळ्याच्या तालमीच्या शेडमध्ये झालं, नाटकाच्या शेवटच्या पानावरून. मी पिशवी उचलून निघून आलो. दोन-तीन दिवस तुझा फोन आला नाही आणि मीही केला नाही. मनात म्हटलं, येईल झक मारत, भूमिका त्याची आहे. मग एका सकाळी तुझ्या बायकोचा, नसीमाचा फोन आला. एरवी ती मला 'प्रकाशभाऊ' म्हणते. त्या दिवशी नुसतं 'भाऊ' म्हणाली आणि थांबली. तू चहाचं आधण ठेवलं होतंस म्हणे. साखर घातली होतीस, पावडर घालायची राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा फोटो आला. कुठला छापावा त्यांनी? तो भाला घेतलेला. मालिकेतला हबशी पहारेकरी, डोक्याला पिसं, अंगाला तेल. खाली लिहिलं होतं, 'मूळचे आफ्रिकेचे असलेले ज्येष्ठ कलावंत'. मी तो पेपर घडी करून कपाटावर टाकला. साठी उलटलेला माणूस, त्यातली पाचसहा वर्षं सोडली तर सगळी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात काढलेला, आणि मेल्यावरही मूळचा दुसरीकडचाच.

हा 'मूळचा' शब्द आपल्या दोघांच्या राशीला शाळेपासून होता. तुझे वडील इथलेच, बोटीवर खलाशी. मोंबासाला लग्न केलं, तुम्हाला घेऊन परत आले आणि मच्छीमारी लाँचवर लागले. तू वर्गात आलास तो आईचा रंग आणि आईचे केस घेऊन. मास्तरांनी विचारलं, 'कुठचा रे तू?' तू म्हणालास, 'मिरकरवाड्यातला.' 'तसं नव्हे, मूळचा?' पोरं हसली. मी हसलो नाही, कारण आदल्याच आठवड्यात माझी पाळी झाली होती. मी सावर्ड्याजवळच्या खेड्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा, बौद्ध घरातला. तुला गाव विचारायचे, मला आडनाव. दोन्ही प्रश्नांचा हेतू एकच असतो हे कळायला फार अक्कल लागत नाही. मधल्या सुट्टीत तू माझ्या शेजारी येऊन बसलास आणि म्हणालास, 'तुजा डबा काय हाय?' तिथून आपलं जे सुरू झालं ते त्या शेडमधल्या भांडणापर्यंत.

तुझ्या आईला मी खाला म्हणायचो. मला आठवते ती अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसलेली. ते वाद्य तिच्याबरोबर बोटीतून आलं होतं. समुद्राच्या हवेने त्याचा भाता ठिकठिकाणी सुटायचा, तू तो सायकलच्या पंक्चरच्या रबराने चिकटवायचास. एक पट्टी मात्र कायमची मुकी झाली. खाला वाजवताना तिथं आली की तो सूर तोंडाने भरायची, हळूच, आणि पुढे जायची. तूही पुढे तसंच करायचास. ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या वरातीत, उरुसाच्या मंडपात, गणपतीत. ऐकणाऱ्याला वाटायचं हा रंगात येऊन गुणगुणतो आहे. मी किती वेळा म्हटलं, मुंबईला ने, दुरुस्त करून आण. तू म्हणायचास, 'मग मी काय करू?'

खेळताना आपल्याला कुणाला लागलं की खाला म्हणायची, 'पोले, बाबा, पोले.' तिच्या भाषेत दुसऱ्याचं दुखलं की असं म्हणतात, तू समजावून सांगितलं होतंस. माझे वडील गेले तेव्हा ती आमच्या घरी आली. मराठी तिला आयुष्यभर अडखळतच यायची. तिने माझ्या आईचा हात धरला आणि तेवढंच म्हणाली. माझ्या आईने मान हलवली. त्या दोघींना दुभाषा लागला नाही. आता मला वाटतं, तुझ्यासाठी मला तेवढं कुणी म्हणायला हवं होतं. पण खालाही नाही आणि ती भाषा बोलणारा शेवटचा माणूसही आपल्या गावात राहिलेला नाही.

सिनेमाचं काय सांगू? ते तुझं आयुष्य होतं असं पेपरवाले म्हणतात. मला विचारशील तर ती तुझी नोकरी होती. मुंबईत तुला काम मिळायचं ते तुझ्या चेहऱ्याला, तुला नाही. कधी अरब तस्कर, कधी गुलाम, कधी जहाजावरचा खुनी. वाक्यं दोन, त्यातलं एक मरतानाचं. तू चार भाषा बोलायचास आणि त्या लोकांनी तुला आयुष्यभर मोडकी हिंदी बोलायला लावली. तुला त्याचं वाईट वाटायचं की नाही, मला कधी नीट कळलं नाही. तू परत आलास की आधी बंदरावर जाऊन मासळी आणायचास, मग हकीकत सांगायचास, आणि त्यात नेहमी हसणं असायचं.

त्यातली बांगड्यांची हकीकत तर अख्ख्या रत्नागिरीला पाठ आहे. दिग्दर्शकाने तुला सांगितलं, हिरोला खुर्चीला बांधलंय, तू त्याच्या अंगावर जाऊन तुझ्या भाषेत धमकी दे, काहीही बोल, कुणाला कळणार आहे? आणि तू डोळे लाल करून, त्याच्या नाकाला नाक लावून मिरकरवाड्यातला मासळीचा लिलाव म्हणालास. 'बांगड्याची टोपली बोला, बर्फातला नाय, आताचा हाय, बगून घ्या, मागाहून रडू नका.' दिग्दर्शक खूश. हिरो खराखुरा घाबरला. तो सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा मिरकरवाड्यात घरोघर माणसं गडाबडा लोळत होती, आणि पलीकडे सगळा देश थरथर कापत होता. पुढे किती तरी दिवस तू लिलावात जाऊन उभा राहिलास की कोळणी म्हणायच्या, 'हारूनभाय, जरा धमकी द्या, माल उठू दे.'

हसलो आपण खूप. पण खाला हसली नव्हती. तिने तुला विचारलं, 'तुला माझी भाषा येते. त्यांनी मागितली तर ती का नाही बोललास?' मी तिथेच चहा पीत बसलो होतो. तू म्हणालास, 'तुझ्या भाषेत मी माणसं मारणार नाय.' खालाने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेली. हारून, तुझ्या सगळ्या अभिनयाहून मला ते एक वाक्य मोठं वाटतं. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू दहा ठिकाणी ते पुन्हा वापरलं असतंस, तुझा स्वभाव मला माहीत होता.

तुझं खरं घर म्हणजे आपली नाटकमंडळी. बाहेरच्यांना ते कळायचं नाही. कोण कुठे कारकून, कोण शिक्षक, मी एका कंपनीच्या गोदामात, आणि संध्याकाळी सगळे मिळून नाटक. प्रयोगाआधी पडद्यामागे नारळ ठेवायचा, सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क बाळाआबांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं. ही आपल्याकडची रीतच आहे, गाऱ्हाण्याशिवाय पडदा वर जात नाही. 'बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरं खेळ करतायत, त्यांच्या वाचेला बळ दे रे म्हाराजा.' आणि सगळ्यांनी एका आवाजात, 'व्हय म्हाराजा.' सगळ्यांत मोठा आवाज तुझा. प्रेक्षकांत बसलेल्यांनाही तो ऐकू जायचा आणि ते सावरून बसायचे.

बाळाआबा थकले तेव्हा म्हणाले, आता हारूनने घालावं. कुणीतरी नाक मुरडलं. आबा म्हणाले, 'इतकी वर्सा तो व्हय म्हनताना चालला, आता घालताना काय झाला?' तो विषय तिथे संपला. इकडे तुझ्या चुलत्यांनीही तुला जाब विचारायला बोलावून घेतलं होतं. त्यांना तू सांगितलंस, 'मी कुणाचं नाव घेत नाय, चाचा. मी म्हाराजा म्हणतंय. मालक एकच हाय, तुम्हीच शिकवलात.' ते कितपत पटलं माहीत नाही, पण पुढच्या प्रयोगाला ते पहिल्या रांगेत होते.

आणि मी? मी त्या सगळ्या वर्षांत एकदाही त्या गोलात उभा राहिलो नाही. नाटक माझं, दिग्दर्शन माझं, आणि गाऱ्हाण्याच्या वेळी मी दाराबाहेर. मंडळींनी ते स्वीकारलं होतं. फक्त तू स्वीकारलं नव्हतंस. गाऱ्हाणं संपलं की फोडलेल्या नारळाचा तुकडा घेऊन तू बाहेर यायचास आणि म्हणायचास, 'प्रसाद नाय, खोबरा हाय. खा.' मी खायचो. खोबऱ्याशी माझं वैर नव्हतं.

कारण तुला माहीत होतं, तरी इथे लिहितो. धर्मांतराआधी गावात पालखी यायची तेव्हा माझे वडील, तरणाताठा माणूस, बांधापलीकडे उभे असायचे. गाऱ्हाणं चालायचं मंडपात, आणि त्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं ते लांबून, सावली पडणार नाही इतक्या. पुढे छप्पन्न साल आलं. त्यांनी घरातले देव नदीत सोडले. मी लहान असताना एकदा गंमत म्हणून 'व्हय म्हाराजा' ओरडलो. ते मारतील असं वाटलं, पण त्यांनी मला जवळ बसवलं. 'व्हय म्हननारे लय हायत,' ते म्हणाले. 'आपन नाय म्हनायला शिकलाव. ता इसरू नको.' मी विसरलो नाही. आजही मला वाटतं की मी दाराबाहेर उभा राहिलो ते बरोबरच होतं. तू आता वाद घालू शकत नाहीस म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही, आणि तू घालू शकत नाहीस म्हणून जास्त ताणणारही नाही.

या वर्षी मी तुझ्यासाठी नाटक लिहिलं. तुला वाढदिवसाला काय देऊ म्हणून लिहिलं नाही, मला त्या भाल्याचा संताप होता म्हणून लिहिलं. त्यात तू तांडेल, लाँचचा कप्तान. मच्छीमारी लाँचवर उभा जन्म काढलेला, लाँच मोडीत निघते त्या दिवशीचा म्हातारा. पिसं नाहीत, तेल नाही, मरण नाही. पहिल्या वाचनाला तू नेहमीसारखी मस्करी केली नाहीस. वाचून झाल्यावर विचारलंस, 'हा इथलाच हाय ना?' मी म्हटलं, इथलाच. 'कुठून आला ता कुणी विचारत नाय त्याला?' मी म्हटलं, अख्ख्या नाटकात नाही. तू वही मिटलीस आणि तोंड धुवायला बाहेर गेलास. बराच वेळ नळ चालू होता.

मग तू काय करून दाखवलंस ते मंडळींतले लोक मरेपर्यंत सांगतील. तू पाय फाकवून उभा राहायचास, जमिनीवरही, खाली लाट आहे असं समजून. बोलता बोलता हात आपोआप सुकाणू धरायचा. तुझं बोलणं तुझ्या घरातलं, तुझ्या बापाचं. इतक्या वर्षांत तुला मी प्रथमच काही न करता उभं राहिलेलं पाहिलं. मी दिग्दर्शक, मला सुचवायला काही उरलं नव्हतं. मी नुसता खुर्चीत बसून राहायचो आणि डोळ्यांत कचरा गेल्याचं नाटक करायचो, तेही वाईट.

राहिलं ते शेवटचं पान. माझ्या पानावर तांडेल मोडलेल्या लाँचकडे पाठ करून चालायला लागतो, एक शब्द न बोलता. तू म्हणालास, हा माणूस असा मुका जाणार नाही. तो लाँचसाठी गाऱ्हाणं घालेल आणि खलाशी उत्तर देतील. मी म्हटलं, माझ्या नाटकात गाऱ्हाणं येणार नाही. तू म्हणालास, नाटक तुझं, तांडेल माझा. आवाज चढले. मंडळी चहाच्या निमित्ताने बाहेर सरकली. मी बोलू नये ते बोललो नाही, पण बोलायचं ते सगळं बोललो. 'हारून, हे मागणं आहे. सिनेमावाल्यांसमोर तू परका होतोस, आणि इथे आपला म्हणवून घ्यायला हात जोडतोस. कुणाकडे मागतोस? कोण देणार आहे?'

तू चिडला नाहीस. तेच मला जास्त झोंबलं. तू म्हणालास, 'देवाने कधी उत्तर दिलंय काय रे? आज इतकी वर्सा मी गाऱ्हाणा घालतंय, एकदा पण त्याचा आवाज आयकला नाय. व्हय कोण म्हणतो? बाजूला उभी असतात ती माणसा. मी त्यांनाच सांगतंय.'

मी म्हटलं, 'माझ्या बापाला त्या बाजूला उभं राहू दिलं नव्हतं.'

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज मला आजही ऐकू येतो. मग तू म्हणालास, 'म्हणून तर सांगतंय. तू घाल. आम्ही आयकतो. तू घाल, मी व्हय म्हणतंय.'

मी पिशवी उचलली आणि निघून आलो.

कबरस्तानात मी होतो. तुला खाली ठेवलं तेव्हा तुझ्या चुलत्यांच्या मुलाने मला हात धरून पुढे घेतलं आणि म्हणाला, 'प्रकाशदादा, तुम्ही पण माती द्या.' लाल माती, आपली जांभ्याची, हाताला लगेच रंग देणारी. मी मूठभर टाकली. सगळे दुवा मागत होते, मला त्यातलं अक्षर येत नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. अख्खं आयुष्य शब्द लिहिण्यात गेलं आणि तुझ्यापाशी उभं राहून माझ्याकडे एक नव्हता.

परवा संध्याकाळी शेडमध्ये सगळे जमलो. नाटक या वर्षी होणार नाही, ते ठरवायला कुणाला बोलावंच लागलं नाही. नेपथ्य उतरवायचं होतं. नसीमाही आली, तुझी अकॉर्डियन तिथे राहिली होती ती न्यायला. सुकाणू सुटं केलं, जाळी गुंडाळली, फळ्या भिंतीला लावल्या. काम संपलं आणि कुणाला घरी जावंसं वाटेना. मग बघता बघता माणसं गोल उभी राहिली, सवयीने. नारळ नव्हता. गाऱ्हाणं घालणारा नव्हता. मीही सवयीने दाराशी गेलो, आणि तिथे पोचल्यावर लक्षात आलं की आता खोबरं घेऊन बाहेर कुणी येणार नाही.

मी आत गेलो. गोलात जागा होती, तुझी. तिथे उभा राहिलो.

'बा हारून,' मी म्हटलं. म्हाराजा मी म्हटलं नाही, तेवढं वडिलांचं राखलं. 'बा हारून, ही तुजी माणसं इथं उभी हायत. ज्यांनी तुला जन्मभर मूळचा कुठचा म्हणून विचारला, त्यांना तू मिरकरवाड्यातला होतास ता उमगू दे.'

अशा गाऱ्हाण्याला काय म्हणायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. मग मागून, अकॉर्डियन छातीशी धरलेली नसीमा म्हणाली, 'व्हय.'

मग सगळे म्हणाले. 'व्हय.'

'हिला आता चहा एकटीला करून प्यायचा हाय. हिच्या घरी आमचं येणंजाणं राहू दे.'

'व्हय.'

'नाटक राहिला ता राहिला. पण त्यातला तांडेल तूच होतास, दुसरा कुणी होणार नाय.'

'व्हय.'

'आणि तुज्यामाज्यात जा काय कमीजास्त बोलणा झाला असेल, ता पदरात घे.'

'व्हय,' सगळे म्हणाले. कुणी रडत होतं, त्याचाही आवाज त्यात आला.

तू बरोबर होतास एवढं मी म्हणणार नाही. पण बाजूला माणसं उभी असतात आणि ती उत्तर देतात, हे मी कानांनी ऐकलं. माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला माहीत नाही. मी त्या मंडळींच्या मधोमध उभा होतो, बांधापलीकडे नव्हतो, एवढं त्यांना दिसलं असतं.

सगळ्यांचं म्हणून झालं तरी मी तसाच उभा राहिलो. मंडळींना वाटलं, अजून काही बोलायचं आहे. मला काही बोलायचं नव्हतं. तू म्हणाला होतास, तू घाल, मी व्हय म्हणतंय. मी घातलं, हारून. एक उत्तर यायचं राहिलं होतं, म्हणून थांबलो होतो.